गाण्याखालचा जवाब

आमच्या घरी डीव्हीडी रेकॉर्डर आला, तेव्हा ते मशीन नवीन मिळणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. लोक सगळं मोबाइलवर पाहत होते. आमच्या गल्लीत तर जुन्या डीव्हीडीच्या चकत्या दोऱ्यानं बांधून पेरूच्या झाडाला लटकवल्या होत्या, पाखरं बुजावीत म्हणून. अशा काळात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मी कॉलेज सुटलं की वाशीमहून कधी रिसोडला, कधी मालेगावला एसटीनं जायची आणि विचारायची, जुना डीव्हीडी रेकॉर्डर आहे का. दुकानदार आधी माझ्याकडे पाहायचे, मग माझ्या मागे कोणी मोठं माणूस उभं आहे का ते पाहायचे.

माझ्या मागे कोणी नसायचं. पण घरी आत्या होती, आणि तिची एक व्हिडिओ कॅसेट होती.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिचं माहेर आणि सासर एकाच गावात, मधे फक्त विहार, म्हणून ती बहुतेक वेळ आमच्याकडेच असायची. तरुणपणी ती गायन पार्टीची गायिका होती. आमच्याकडे जयंतीच्या दिवसांत दोन पार्ट्यांचा सामना होतो. स्टेजवर इकडे एक पार्टी, तिकडे दुसरी. एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब आला नाही की हार. आत्याच्या पार्टीत बाबा ढोलक वाजवायचे.

माझ्या जन्माआधीची गोष्ट आहे. मंगरूळपीरकडची एक नावाजलेली पार्टी आमच्या गावात आली होती. शेवटचा सवाल त्या पार्टीच्या गायकानं टाकला. तो सवाल आमच्या गावात अजून लहान पोरांनाही पाठ आहे:

पाय नाही पण गावोगाव हिंडते,
तोंड नाही पण जगाशी भांडते,
अंगानं काळी, मनानं उजळी,
सांग गायिके, कोण घरात नांदते?

आत्या जवाब द्यायला उभी राहिली आणि लाइट गेली. माइक बंद, भोंगे बंद, मंडपात गोंधळ. बऱ्याच वेळानं लाइट आली तेव्हा स्टेजवर आत्याची जागा रिकामी होती. माझा आत्येभाऊ तेव्हा पाळण्यात होता, अंधारात रडत असेल म्हणून ती घरी पळाली होती. पण लोकांनी वेगळाच अर्थ काढला. गायिका उठून गेली, जवाब नव्हता म्हणून गेली. जिंकल्याचा हार पाहुण्या पार्टीच्या गायकाच्या गळ्यात पडला.

आत्या सांगायची की तिनं जवाब दिला होता. अंधारात, बिना माइकचा. चार ओळी. त्या चार ओळी ती कोणालाही म्हणून दाखवायची. लोक ऐकायचे आणि म्हणायचे, "घरी जाऊन जुळवल्या असतील."

हे एवढ्यावर थांबलं असतं तर आत्यानं सोसलं असतं. पण गावात त्याची म्हणच झाली. कोणाला प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही की समोरचा विचारतो, "काहून, लाइट गेली का?" ग्रामसभेत म्हणतात, किराणा दुकानात म्हणतात. मी चौथीत असताना पाढा अडला तेव्हा वर्गातली मुलं मला हेच म्हणाली होती, आणि तेव्हा मला माहीतही नव्हतं की ही म्हण आमच्याच घरातून निघाली आहे. त्या सामन्यानंतर आत्या स्टेजवर चढली नाही. विहारात बायकांना गाणी शिकवायची, चाली बसवून द्यायची, पण कार्यक्रमाच्या दिवशी खाली सतरंजीवर बसायची.

तिला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली. बाबा तिच्यापासून हातभर अंतरावर ढोलक घेऊन बसले होते. त्यांनी तरी सांगावं ना गावाला. पण बाबा खोटं बोलत नाहीत, खऱ्याच्या बाजूनंही नाही. ते दर वेळी तेच सांगायचे, "ताई, पोरं स्टेजवर चढले होते, मी ढोलक सांभायत होतो. मले काई ऐकू आलं नाई. आलं असतं तं सांगतलं असतं."

आत्याचा भरवसा होता तो कॅसेटवर. त्या रात्री शूटिंगवाला समोरच उभा होता आणि त्याचा कॅमेरा बॅटरीवर होता. "सगळीकडं अंधार," आत्या सांगायची, "अन् त्या कॅमेऱ्याची लाल बत्ती तेवढी चालू. मी त्या बत्तीकडं पाहूनच म्हनलं."

पण शूटिंगवाल्यानं काय केलं, तर त्या काळी सगळे करायचे तेच. लग्नाच्या कॅसेटमध्ये मधेमधे सिनेमाची गाणी टाकतात, त्याला मिक्सिंग म्हणतात. अंधाराचा भाग दिसायला बरा नव्हता, म्हणून त्यानं तिथं पडद्यावर गुलाबाची फुलं उडवली आणि मागाहून आवाजाच्या जागी एक गाजलेलं सिनेमातलं गाणं टाकलं. भाड्यानं व्हीसीआर आणून विहारात कॅसेट लावली होती म्हणे. आत्याच्या जवाबाची वेळ आली आणि फुलं उडायला लागली. लोक हसून हसून पडले.

"आवाज त्याच्यात हाये," आत्याचं म्हणणं होतं. "गान्याच्या खाली हाये."

गाण्याखाली आवाज राहतो का, हे मला माहीत नव्हतं. एकावर एक रेकॉर्ड केलं की खालचं पुसलं जातं, एवढंच सगळे सांगायचे. मलाही तसंच वाटायचं. पण निदान कॅसेट आहे तशी डिस्कवर घेऊन ठेवावी, टेप आणखी खराब व्हायच्या आत, असं मी ठरवलं. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. आमच्याकडे असं समजतात की कॉलेजात गेलेल्याला सगळं येतं. मला येत नव्हतं, पण शिकता येईल असं मला वाटत होतं.

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे वाशीमच्या एखाद्या स्टुडिओत कॅसेट द्यायची आणि चार दिवसांनी डिस्क आणायची. आत्यानं एका वाक्यात तो बंद केला. "कॅसेट घराच्या भाएर जानार नाई. एकदा देल्ती तं फुलं टाकून आनली." दुसरा रस्ता लॅपटॉपला जोडायच्या छोट्या वायरचा होता. मैत्रिणीचा लॅपटॉप एक दिवस मिळाला, पण तिच्याच घरच्या व्हीसीआरला तो जोडून शेजारच्या लग्नाची कॅसेट लावून पाहिली तर नवरदेव बोलायच्या आधीच त्याचा आवाज येत होता. म्हणून मग डीव्हीडी रेकॉर्डर. टीव्हीखाली ठेवायचं, व्हीसीआरला जोडायचं, बटण दाबायचं, डिस्क तयार. ऐकायला किती सरळ वाटतं.

पहिलं मशीन रिसोडच्या एका दुरुस्तीच्या दुकानात मिळालं. सोबत एक जुना व्हीसीआरही. मी चकचकीत दिसतं म्हणून ते मशीन पसंत केलं, हे मला कबूल केलं पाहिजे. रिमोट नव्हता. दुकानदार म्हणाला, "रिमोट कायले लागते, सगळे बटनं समोर हायेत ना." मीही मान डोलावली.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी डिस्क आत गेली आणि परत बाहेर आली. मशीन ती ओळखतच नव्हतं. रिकाम्या डिस्कमध्ये अधिकवाली आणि उणेवाली अशा दोन जाती असतात आणि माझं मशीन उणेवालीच घेतं, हे मला त्यानंतर कळलं. वाशीमला जाऊन दुसरी डिस्क आणली. ती चालली. मग आत्याची कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली, रेकॉर्डचं बटण दाबलं, तर पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि मशीन थांबलं.

"काय म्हनते थे?" आत्यानं विचारलं.

"म्हणते, हे दुसऱ्याचं आहे, याची कॉपी करता येत नाही."

आत्या टीव्हीजवळ सरकली. "गानं मायं, गाव मायं, अन् दुसऱ्याचं म्हनते? कोन्या गावचं मशीन हाये हे?"

मी मोबाइलवर शोधून वाचत बसले. बाजारातल्या सिनेमांच्या कॅसेटमध्ये चोरून कॉपी होऊ नये म्हणून मुद्दाम एक खोड घातलेली असते. टेप जुनी झाली, चित्र थरथरायला लागलं की मशीनला तीच खोड वाटते. म्हणजे आमची कॅसेट चोरीची नव्हती, म्हातारी होती. पण इतकी कशी म्हातारी झाली? शेजारच्या लग्नाची कॅसेट तर त्याच सुमाराची होती आणि ती बरी चालत होती. मी आत्याला विचारलं, कॅसेट कुठं ठेवायचीस.

"पेटीत. अन् दर उन्हाळ्यात उन देत होती."

"ऊन?"

"मंग? तुरीच्या दायीले देतो, गोधड्यायले देतो. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हनून. कुरडयायच्या खाटेवरच ठेवत होती एका कोपऱ्यात."

वैशाखातल्या आमच्या उन्हात दर वर्षी, कुरडयांच्या शेजारी. तिनं जिवापाड जपून ती टेप वाकवली होती. मी म्हटलं, "आत्या, यापुढं ऊन नको देऊ." ती म्हणाली, "बरं," आणि कॅसेट पदरानं पुसली.

मी दोन्ही मशीनच्या मधल्या वायरी बदलल्या, टेप पुढंमागं पळवली, व्हीसीआरचं हेड स्पिरिटनं पुसलं. एका रविवारी मशीन अचानक कबूल झालं. रेकॉर्डिंग सुरू झालं, आणि आमच्याकडे जे व्हायचं तेच झालं. लाइट गेली. आत्या अंधारात म्हणाली, "पाह्य, हिचं मायं जुनं वैर हाये." लाइट परत आली तेव्हा ती डिस्क कुठल्याच मशीनला वाचता येत नव्हती. रेकॉर्डिंग झाल्यावर डिस्क बंद करावी लागते, त्याला फायनलाइज म्हणतात. गोणी भरून तोंड शिवलं नाही तर दाणे सांडतात, तसंच ते आहे. आणि त्या मशीनमध्ये फायनलाइज करायचं बटण समोर नव्हतं. ते फक्त रिमोटवर होतं. बाजारातला कोणत्याही टीव्हीला चालणारा रिमोट आणला, तर त्यानं मशीन चालू-बंद व्हायचं, तेवढंच.

बाबा रोज शेतातून आले की दारातूनच विचारायचे, "जमून राह्यलं का?" मी म्हणायची, "जमेल." एकदा म्हणाले, "अभ्यास मागं नको पडू देऊ हिच्या कॅसेटपायी." आत्या आतून म्हणाली, "तुले ऐकू आलं असतं तं पोरीले हे करा लागलंच नसतं." बाबा पाय धुवायला गेले.

दुसऱ्यांदा मात्र मी चकाकी पाहिली नाही. मालेगावला एका फोटो स्टुडिओचा मालक व्हिडिओचं जुनं सामान काढून टाकत होता. त्याच्याकडे एकाच डब्यात व्हीसीआर आणि डीव्हीडी रेकॉर्डर दोन्ही असलेलं मशीन होतं. दिसायला काळं, एका कोपऱ्यात चेपलेलं. मी पहिला प्रश्न विचारला, "याचा रिमोट आहे का? याचाच?" त्यानं ड्रॉवर उपसला. रिमोट निघाला. आत सेल फुटून हिरवा झाला होता. मी तो तिथंच पुसून नवीन सेल घातले. मग पिशवीतून शेजारच्या लग्नाची कॅसेट आणि कोरी डिस्क काढली आणि म्हटलं, थोडं रेकॉर्ड करून दाखवा, फायनलाइज करा आणि मग दुसऱ्या प्लेअरमध्ये लावून दाखवा.

"बाई, एवढं पाहून तं लोक जवाई बी करत नाईत," तो म्हणाला.

"म्हणूनच पस्तावतात," मी म्हटलं. हे मी कसं बोलून गेले ते मला कळलं नाही. एरवी मी दुकानात दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. तो हसला आणि डिस्क लावली. ती दुसऱ्या प्लेअरमध्येही चालली. मी मशीन मांडीवर घेऊन एसटीनं घरी आले.

पुढं कोणाला असं जुनं मशीन घ्यायची वेळ आली तर मी एवढंच सांगेन: रंगरूप, डिस्कवर किती तास मावतात, सगळं नंतर. आधी त्याचा स्वतःचा रिमोट मागा. मला त्याचं कारण तेव्हा अर्धंच माहीत होतं.

या मशीनला थरथरणारं चित्र सरळ करून घेता येत होतं, त्यामुळे 'दुसऱ्याचं आहे' ही कटकट संपली. घरच्या विजेवर भरवसा नव्हता म्हणून आत्येभावानं त्याच्या दुकानातला इन्व्हर्टर आणून जोडला. रेकॉर्डिंगच्या आधी एकदा सगळी कॅसेट पाहून घेऊ म्हणून मी ती सुरू केली. आत्या शेजारी बसली होती. तरुण आत्या पडद्यावर आली, नाकात चमकी, हात वर करून गाणारी. पाहुण्या गायकाचा सवाल झाला. मग काळोख, आणि मग फुलं. आणि ते सिनेमातलं गाणं, खणखणीत.

आत्या उठून चहा ठेवायला गेली.

मला वाटतं तो दिवस माझ्यासाठी सगळ्यात अवघड होता. मशीन बरोबर निवडलं, सगळं बरोबर केलं, आणि निघालं ते तेच गाणं. मी रिमोट हातात घेऊन बसले. त्यावरची अर्धी बटणं कशासाठी आहेत हे मला माहीत नव्हतं, म्हणून मोबाइलवर त्या मशीनचं माहितीपुस्तक उघडलं. ते इंग्रजीत होतं. इंग्रजीच्या पेपरला मी नेहमी काठावर पास होते. एकेक शब्द डिक्शनरीत पाहत मी पुढं सरकत होते, आणि आवाजाच्या बटणाची ओळ मी परत परत वाचली, कारण मला खरं वाटेना.

त्यात लिहिलं होतं ते मला समजलं ते असं. व्हिडिओ टेपवर आवाज दोन जागी राहू शकतो. एक टेपच्या कडेला, बारीक पट्टीत. दुसरा आत, चित्रासोबत. मागाहून आवाज टाकला तर तो फक्त कडेच्या पट्टीत जातो, आतला तसाच राहतो. साधे व्हीसीआर कडेचाच आवाज वाचतात. या मशीनला दोन्ही वाचता येतात, आणि कुठला ऐकायचा ते रिमोटवरच्या एका बटणानं ठरवायचं. आत्यानं टेप उन्हात वाकवली होती, तरी आतला आवाज टिकला असेल का, मला सांगता येत नव्हतं.

मी टेप मागं नेली. आत्या चहा घेऊन आली. फुलं उडायला लागली, गाणं सुरू झालं. मी बटण दाबलं.

गाणं गेलं. खरखर आली, माणसांचा गलका, कोणीतरी "कंदील आना रे" म्हणत होतं. आणि त्या गलक्यातून, जवळून, एका बाईचा आवाज.

काळी काळी ओळ वहीवर सांडली,
अक्षराची लेक घराघरात नांदली...

आत्यानं कप खाली ठेवला नाही, तसाच धरून उभी राहिली. पडद्यावर फुलं उडत होती आणि तिचाच आवाज तिला ऐकू येत होता. पुढची ओळ सुरू झाली. "तिच्याच बळानं..." आवाज थांबला. परत, "तिच्याच बळानं..." परत एकदा तेच, आणि पुढं काही नाही. मग गाण्यातला नाही, साधा बोलण्यातला आवाज, "लाइट येवो नाई तं नको येवो, जवाब देला म्या." आणि पायांचा आवाज, दूर जाणारा.

मी टेप थांबवली. मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, पण आत्याचा चेहरा पाहून गप्प बसले. ती खाली बसली.

"चार ओयी म्हनल्या होत्या म्या," ती म्हणाली. "मले तं पक्कं आठोते."

मी रिमोट खाली ठेवला.

"दोनच निंगाल्या. तिसरीत अडकली." तिनं चहाचा घोट घेतला. "म्हंजे बाकीच्या मंग जुळोल्या. घरी. लोक म्हनत होते तेच."

"आत्या, जवाब तर दोन ओळींतच आला. अक्षराची ओळ. बरोबरच होतं ते."

"लोक थे नाई पाह्यनार. म्हनतील, अर्धाच देला."

एक गोष्ट माझ्या हातात होती आणि ती मी तिला सांगितली. रेकॉर्डिंग कुठं थांबवायचं ते मी ठरवू शकत होते. दुसऱ्या ओळीवर बटण दाबायचं, डिस्क फायनलाइज करायची. एकदा ती बंद झाली की तिच्यात कोणाला काही घालता येत नाही आणि काढताही येत नाही. गाव दोन ओळी ऐकेल, बाकीच्या दोन आत्याच्या तोंडून ऐकत आलंच आहे. कोणाला काही कळणार नाही.

आत्यानं कप विसळून आणला, पुसून फळीवर ठेवला.

"नको," ती म्हणाली. "त्या शूटिंगवाल्यानं फुलं टाकून झाकलं. आता आपन बटन दाबून झाकावं का? हाये तसं घे. सगळं घे. ते पाय वाजते ते बी घे." आणि थोड्या वेळानं, "बापाले सांगू नको. त्याले सगळ्यायसंग ऐकू दे."

मी सगळं घेतलं. डिस्क फायनलाइज होत असताना मशीन पडद्यावर सांगतं की वीज बंद करू नका. मी हात जोडून बसले होते असं म्हटलं तर कोणाला खोटं वाटेल, पण मी बसले होते.

जयंतीच्या आधी विहारात संध्याकाळची बैठक असते. वंदना झाल्यावर मी टीव्हीला प्लेअर जोडला. तो दुसऱ्याचाच प्लेअर होता, आणि डिस्क आत गेल्यावर तो फिरत राहिला, फिरत राहिला. मागून कोणीतरी म्हणालंच, "काहून, लाइट गेली का?" सगळे हसले. मग चित्र आलं.

लोकांनी स्वतःची तरुण तोंडं ओळखली, गेलेली माणसं ओळखली. ढोलकवाल्या पोराला पाहून बायका बाबांकडे बोट दाखवायला लागल्या. बाबा भिंतीला टेकून बसले होते. सवाल झाला. काळोख झाला. फुलं उडायला लागली आणि लोक सवयीनं हसायला लागले, पण गाणं आलंच नाही. हसणं आपोआप थांबलं.

काळी काळी ओळ वहीवर सांडली,
अक्षराची लेक घराघरात नांदली...

टीव्हीतली आत्या तिसऱ्या ओळीवर आली. "तिच्याच बळानं..." थांबली. "तिच्याच बळानं..."

सतरंजीवर बसलेली आत्या उठली नाही. बसल्या जागी, बिना माइकचं, तिनं टीव्हीतल्या स्वतःच्या आवाजात आवाज मिळवला:

तिच्याच बळानं उंबरा ओलांडला,
अन् अंधारातही माहा दिवा नाही सांडला.

तिचा आवाज आता जाड झाला आहे, वरचा सूर लागत नाही. दुसऱ्या ओळीला कोणीतरी ताल धरला. मी वळून पाहिलं तर बाबांची बोटं समोरच्या पाण्याच्या स्टीलच्या जगावर होती. ते पाहत नव्हते, बोटं आपोआप वाजत होती. टीव्हीत "जवाब देला म्या" झालं, पाय वाजले, आणि लाइट आल्यावर रिकामी जागा दिसली. बाबांची बोटं थांबली. मी प्लेअर बंद केला.

मग आत्या बसल्या जागी मागं वळली आणि बाबांकडे पाहत म्हणाली, "दोन तवाच्या, दोन मागून जुळोलेल्या. आता खरं सांग, जवाब कसा होता?"

बाबांना बोलता येईना. ते खाली पाण्याच्या जगाकडे पाहत राहिले.

"काहून बापू," आत्या म्हणाली, "लाइट गेली का?"

हसण्यानं विहार भरला. बाबाही हसले, डोळे पुसत. मग हसणं ओसरल्यावर त्यांनी मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाई ताई. आलं ऐकू."